ईमॅक्स, एआय आणि जर्मन: अभ्यासाची वही आपल्या हातात कशी ठेवायची

पिंपळपार

जर्मन शिकण्यावरचे धागे इथे भरपूर झालेत पण ते सगळे कुठला क्लास लावावा आणि कुठलं ॲप घ्यावं याच्याभोवती फिरतात. मला लिहायचंय ते अभ्यास जिथे होतो त्या जागेबद्दल. माझं जर्मन वाचणं, लिहिणं, शब्द साठवणं, चुका शोधणं हे सगळं ईमॅक्स नावाच्या एकाच एडिटरमध्ये चालतं आणि गेल्या काही काळापासून त्याला एआय जोडलंय, आणि माझं ठाम मत झालंय की एआय भाषा शिकायला उपयोगी आहे पण तो कधी बोलेल आणि किती बोलेल हे आपण ठरवलं तरच. ब्राउझरमधल्या चॅटमध्ये ते ठरवणं अवघड जातं, एडिटरमध्ये सोपं जातं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ईमॅक्स हा खूप जुना टेक्स्ट एडिटर आहे, मूळ १९७६ चा, एमआयटीच्या एआय लॅबमधला. आज आपण वापरतो तो जीएनयू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये आणला. प्रोग्रामर लोक त्यात कोड लिहितात पण खरी गंमत अशी की कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं हे सगळं लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहून बदलता येतं. त्यात ऑर्ग मोड आहे, २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक यांनी सुरू केलेला, ते व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मथळे, टॅग, तारखा, याद्या, सगळं. फाइल साधी असल्यामुळे उद्या ईमॅक्स सोडला तरी माझ्या नोंदी कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात, कुठल्या कंपनीने ॲप बंद केलं म्हणून अभ्यास बुडत नाही.

आता प्रत्यक्ष काय करतो ते.

टायपिंग: कंट्रोल-बॅकस्लॅश दाबलं की इनपुट मेथड चालू-बंद होते. मी जर्मन-पोस्टफिक्स वापरतो, ए नंतर ई दाबला की ऊमलाउट (वर दोन ठिपके असलेला स्वर) तयार, एस नंतर झेड दाबला की एस्झेट (एस चा उच्चार असलेलं खास जर्मन अक्षर). यू नंतर ई आला तरी ऊमलाउट होतो, पण त्याच्या आधी ए, ई किंवा क्यू असेल तर होत नाही, त्यामुळे 'नॉइअ' आणि 'क्वेलअ' नीट टाइप होतात. 'आक्टुएल' लिहिताना मात्र ई एकदा जास्त दाबावा लागतो. देवनागरीची पण इनपुट मेथड आतच आहे, म्हणजे अर्थ मराठीत, वाक्य जर्मनमध्ये, सगळं एकाच फाइलमध्ये आणि कीबोर्डची भाषा बाहेर जाऊन बदलायची नाही.

ऐकणं: डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या हळू बोललेल्या बातम्या असतात, लांगझाम गेश्प्रोखनअ नाखरिश्टन, सोबत पूर्ण मजकूर मिळतो. एका बाजूला ऑडिओ लावतो, दुसऱ्या बाजूला ऐकून लिहितो, मग मूळ मजकूर आणि माझा मजकूर ईमॅक्समधल्या एडिफ या तुलना करणाऱ्या सोयीला देतो, तो फरक रंगवून शेजारीशेजारी दाखवतो. इथे एआयचं काहीही काम नाही आणि मला वाटतं ऐकण्याचा यापेक्षा प्रामाणिक सराव नाही, कारण 'डेन' की 'डेम' हे कानाला ऐकू आलं की नाही ते लगेच कळतं.

लिहिणं: एआय इथे येतो. ईमॅक्सला एआय जोडणारं जीपीटेल नावाचं पॅकेज (जोडणी) आहे. त्याची वेगळी चॅट खिडकी लागत नाही, तुम्ही जिथे लिहिताय तिथूनच मजकूर पाठवता येतो, नुसता निवडलेला भाग पाठवता येतो, आणि मॉडेलला द्यायच्या सूचना नाव देऊन साठवता येतात. मी दोन वेगळ्या सूचना केल्यात आणि दोन वेगळ्या बटणांवर ठेवल्यात. पहिलं बटण दाबलं की तो फक्त एवढंच सांगतो, अमुक ओळीत चूक आहे आणि चुकीचा प्रकार काय: आर्टिकल (नामाआधीचं डेर, डी, दास), विभक्ती, क्रियापदाची जागा, क्रियापदाचं रूप, शब्दाची निवड, स्पेलिंग. बरोबर उत्तर द्यायचं नाही. मग मी ते स्वतः दुरुस्त करतो. दुसरं बटण त्यानंतरचं, त्यात तो माझी दुरुस्ती बघतो आणि उरलेल्या चुका समजावतो.

उदाहरण देतो. 'उद्या मी नाशिकला जातोय' यासाठी मी लिहिलं 'मॉर्गन इश फारअ नाख नाशिक'. उत्तर आलं, ओळ १, क्रियापदाची जागा. बस. मग डोक्यात येतं की अरे मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर हवं, म्हणजे 'मॉर्गन फारअ इश नाख नाशिक'. हे शोधायला जी काही सेकंदं लागतात ना त्यातच शिकणं होतं. चॅटमध्ये तेच वाक्य टाकलं तर लगेच दुरुस्त वाक्य, वर तीन पर्याय, वर औपचारिक-अनौपचारिक फरक, आणि आपण मान डोलावून पुढे जातो, हातात काही राहत नाही.

चुकांची वही: प्रत्येक चूक ऑर्ग कॅप्चरने एका फाइलमध्ये जाते, टॅग लावून. महिन्याकाठी टॅगने छाननी केली की चित्र उघडं पडतं. माझ्या वहीत सगळ्यात मोठा ढीग आहे तो दोन विभक्ती घेणाऱ्या त्या नऊ शब्दयोगी अव्ययांचा, इन, आन, आउफ वगैरे. आपण 'पुस्तक टेबलावर ठेवलं' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' दोन्हीकडे 'टेबलावर'च म्हणतो. जर्मनमध्ये ठेवताना 'आउफ डेन टिश', आणि असताना 'आउफ डेम टिश'. तीन लिंगं आपल्याला घरचीच आहेत, गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं तेही मराठी माणसाला सहज जमतं, पण इथे मराठी काही मदत करत नाही. म्हणून या प्रकाराच्या चुकीला मी सूचना दिलीय की नियम सांगू नकोस, फक्त विचार: वो की वोहिन? कुठे आहे की कुठे जातंय?

कुणी अशा प्रकारे एडिटर वापरत असेल तर जरूर लिहा, व्हिमसारखा दुसरा एडिटर असो, ऑब्सिडियनसारखं नोंदींचं ॲप असो, काहीही.


साबुदाणा_खिचडी

वाखुसा (वाचनखूण साठवली). फार सविस्तर लिहिलंय, धन्यवाद. प्रश्न एकच, मला प्रोग्रामिंग अजिबात येत नाही, कॉमर्सवाली आहे, बी१ ची (ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत्या पातळ्यांतली तिसरी) तयारी चालू आहे. ईमॅक्स शिकायलाच वर्ष जायचं असेल तर जर्मन कधी शिकणार? ऑब्सिडियनमध्ये हे सगळं होतं का?


रानवारा

व्हिमवाला हजर. माझ्याकडे ऊमलाउट असे: कंट्रोल-के दाबायचं, मग ए आणि कोलन. एस्झेटला कंट्रोल-के आणि दोनदा एस. इन्स्टॉल काहीच करायचं नाही, व्हिममध्ये ते आधीपासूनच आहे.

एआयसाठी मी पॅकेज लावत नाही. व्हिममध्ये निवडलेल्या ओळी कुठल्याही बाहेरच्या कमांडमधून गाळून आणता येतात, ही फार जुनी सोय आहे, आणि कमांड लाइनवर मॉडेलशी बोलणारी टूल्स आता भरपूर आहेत. फक्त एक काळजी घ्या, तसं केलं की मूळ ओळींच्या जागी उत्तर येतं, म्हणजे तुमचं लिहिलेलं पुसलं जातं, अनडू केलं की परत येतं पण अभ्यासासाठी ते नकोच. मी म्हणून परिच्छेद आधी कॉपी करून खाली चिकटवतो आणि ती कॉपी पाठवतो, वर माझं, खाली त्याचं. पिंपळपार यांची 'फक्त प्रकार सांग' ही सूचना मी काल रात्रीच उचलली, खरंच फरक पडतो.

साबुदाणा_खिचडी, ऑब्सिडियनमध्ये होईल. नोंदी साध्या मार्कडाउन फाइली असतात, टॅग आहेत, साचे आहेत, एआयची प्लगइन आहेत. जी गोष्ट महत्त्वाची आहे ती म्हणजे सूचना साठवता येणं आणि चुकांची फाइल वेगळी असणं, ते दोन्ही तिथे जमतं. प्रोग्रामिंग लागत नाही.


मास्तरीणबाई

मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते त्यामुळे इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. धागा आवडला, विशेषतः चुकांची वही. मी विद्यार्थ्यांना कागदाच्या वहीत हेच करायला सांगते आणि दहातले एखाद-दोघंच करतात.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलते. आता गृहपाठ म्हणून जी पत्रं येतात ती इतकी गुळगुळीत असतात की ए२ च्या मुलाने कोन्युंक्टिफ (जर-तरचं क्रियापदरूप) वापरलेला असतो, आणि समोर बसवून 'काल काय केलंस' विचारलं की परफेक्ट काळातलं एक वाक्य निघत नाही. ग्योटं इन्स्टिट्यूटच्या बी१ परीक्षेत लेखनाला ६० मिनिटं आणि तीन कामं असतात, साधारण ८० शब्दांची मेल, ८० शब्दांचं मत आणि ४० शब्दांची छोटी औपचारिक मेल. चार विभागांत प्रत्येकी १०० पैकी ६० हवेत. तिथे कुठलंही बटण नाही. त्यामुळे माझं म्हणणं, ए१ पूर्ण होईपर्यंत एआय नकोच. त्या टप्प्यावर मुलाला चूक कुठली आणि शैली कुठली हे कळतच नसतं, जे येईल ते तो खरं मानतो.

दुसरं, मॉडेल नियम समजावताना कधीकधी बरोबर वाक्याला चुकीचं कारण देतं. वाक्य पाहिलं तर ठीक, पण 'असं का' याचं स्पष्टीकरण जागच्या जागी तयार केलेलं. विद्यार्थी ते पाठ करतो आणि मग पुढच्या वाक्याला तो नियम लावतो. आर्टिकल आणि अनेकवचन यासाठी डुडेन किंवा डीडब्ल्यूडीएस हे जर्मन शब्दकोश उघडा, व्याकरणासाठी तुमचं क्लासचं पुस्तक उघडा. आणि शब्दांसाठी ग्योटं इन्स्टिट्यूटची बी१ ची शब्दयादी आहे, सुमारे २४०० शब्द, बहुतेक शब्दांना उदाहरणाचं वाक्य दिलेलं आहे, फुकट मिळते. असं असताना एआयकडून वाक्यं बनवून का घ्यायची?


पिंपळपार

मास्तरीणबाई, तुम्ही आलात हे फार बरं झालं. शब्दयादीबद्दल शंभर टक्के सहमत, माझे शब्द तिथूनच येतात. यादीतलं वाक्य मी जसंच्या तसं ऑर्ग फाइलमध्ये टाकतो, अंकी-एडिटर नावाच्या पॅकेजने ते अंकी या उजळणीच्या कार्डांच्या ॲपमध्ये जातं, फोनवर रोज उजळणी. शिवाय टाटोएबा आहे, माणसांनी लिहिलेल्या आणि भाषांतरित केलेल्या वाक्यांचा मोठा खुला साठा.

ए१ बद्दल मात्र थोडं वेगळं मत. ए१ ला लिहून घेणं पूर्ण बंद, मान्य. पण वाचताना विचारणं चालावं असं मला वाटतं. कारण सांगतो. जर्मनमध्ये क्रियापदाचा तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जातो, 'इश श्टेहअ उम झेक्स ऊअर आउफ'. नवा माणूस शब्दकोशात 'श्टेहन' शोधतो, अर्थ मिळतो 'उभं राहणं', आणि वाक्य काही लागत नाही, कारण खरं क्रियापद 'आउफश्टेहन' आहे, उठणं. शब्दकोशाला वाक्य दिसत नाही, मॉडेलला दिसतं. मी एक बटण असं केलंय की कर्सर शब्दावर ठेवला की अख्खं वाक्य पाठवलं जातं आणि उत्तरात फक्त मूळ रूप येतं, अर्थ नाही. अर्थ मग शब्दकोशात मी बघतो. एवढं ए१ वाल्याला द्यायला काय हरकत आहे?


मास्तरीणबाई

मूळ रूप सांगून थांबत असेल तर हरकत नाही. हे चांगलं आहे. माझ्या मुलांना पुस्तकातल्या मागच्या यादीतून शोधायला फार वेळ जातो आणि तिथेच कंटाळतात.


खटपट्या

तांत्रिक बाजूने थोडी भर घालतो.

१. एआयच्या आधी लँग्वेजटूल हे व्याकरण तपासणारं साधन चालवा. ते नियमांवर चालतं, ओपन सोर्स आहे, स्वतःच्या मशीनवर चालवता येतं, ईमॅक्ससाठी लँगटूल नावाचं पॅकेज आहे. आर्टिकल आणि नाम यांचा मेळ, स्वल्पविराम, नामाचं पहिलं अक्षर मोठं, असल्या गोष्टी ते पकडतं आणि एकच वाक्य दहा वेळा दिलं तर दहाही वेळा तेच सांगतं. मॉडेलचं तसं नसतं.

२. मॉडेलला 'हे बरोबर आहे का' असं कधीच विचारू नका, ते हो म्हणण्याकडे झुकतं. 'चूक शोध' म्हटलं तर उलटं, चूक नसली तरी एखादी काढून दाखवतं. सूचनेत स्पष्ट लिहावं लागतं की चूक नसेल तर 'चूक नाही' एवढंच लिही आणि शैलीचे बदल सुचवू नकोस. आणि पातळी लिहा, 'मी बी१ ला आहे, माझं वाक्य बी१ चंच राहू दे', नाहीतर तुमचं साधं पत्र वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखं होऊन परत येतं.

३. ज्यांना मजकूर बाहेर पाठवायचा नाही त्यांनी ओलामा बघा. मॉडेल तुमच्याच मशीनवर चालतं, जीपीटेल त्याच्याशी थेट जोडता येतं. ८ जीबी रॅमवर ७-८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये कसंबसं चालतं, १६ असेल तर आरामात. पण लहान मॉडेल आर्टिकलमध्ये चुका करतात, आणि स्पष्टीकरण मराठीत मागितलं तर मराठी आणखी डळमळीत, मध्येच हिंदी वळणाची वाक्यं. अशा वेळी स्पष्टीकरण सोप्या जर्मनमध्ये मागा, तेवढाच वाचनाचा सराव.

४. एपीआयची की (एआय सेवा वापरायची गुप्त किल्ली) इनिट फाइलमध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, उघडी लिहू नका. ईमॅक्सची पासवर्ड ठेवायची ऑथइन्फो फाइल जीपीजीने एन्क्रिप्ट करता येते, जीपीटेल की तिथून उचलतं. लोक आपली इनिट फाइल गिटवर सर्वांसाठी टाकतात आणि किल्लीसकट टाकतात.

अवांतर: ऑर्गच्या टेबलात देवनागरी लिहिलं की उभ्या रेघा वाकड्यातिकड्या होतात, कारण अक्षरांची रुंदी सारखी नसते. व्हॅलाइन पॅकेज लावा नाहीतर टेबल सोडून याद्या वापरा.


दूरदेशी

नमस्कार, मी नर्स आहे, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये एका वृद्धाश्रमात काम करते, बी२ झालंय. हा धागा वाचून खूप काही कळलं पण माझ्याकडे लॅपटॉप नाही, सगळं फोनवरच, ड्यूटीवरून आल्यावर बसून अभ्यास करायला तासभर मिळतो कधी मिळत पण नाही. फोनवर यातलं काही होईल का दादा?

आणि माझी अडचण जरा वेगळी आहे. क्लासमध्ये शिकलो ती जर्मन आणि इथले आजी-आजोबा बोलतात ती श्वेबिश बोली, दोन्हीत फार अंतर आहे. पहिल्या दिवसांत एक आजोबा सारखे 'हेब मोल' म्हणायचे, पुस्तकातल्या अर्थाने 'उचल', पण इथे त्याचा अर्थ 'धरून ठेव' असा होतो. उचलायला इथे 'लुप्फन' म्हणतात. पेशंटला आधार देताना हा फरक कळलाच पाहिजे, कोणी पडेल ना. मी असे शब्द फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवते पण ते कुठे कुठे विखुरलेत. एआयला विचारलं तर कधी बरोबर सांगतो, कधी भलत्याच भागातली बोली सांगतो.

अजून एक, ड्यूटी बदलताना युबरगाबअ द्यावी लागते, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती तोंडी सांगायची. त्याचा सराव एआयबरोबर करावा असं वाटतं.


पिंपळपार

दूरदेशी ताई, तुमचं काम वाचून आदर वाटला. फोनवर दोन रस्ते आहेत. अँड्रॉइड असेल तर ऑर्गझ्ली रिवाइव्ह्ड नावाचं ॲप घ्या, त्यात ऑर्ग फाइली उघडतात, टॅग लावता येतात, शोधता येतं. खुद्द ईमॅक्सही २०२५ मध्ये आलेल्या ३० व्या आवृत्तीपासून अधिकृतपणे अँड्रॉइडवर चालतो पण छोट्या स्क्रीनवर आणि थकलेल्या हातांना ते नको, ऑर्गझ्ली पुरे.

श्वेबिशसाठी मी असं सुचवेन की एआयला विचारूच नका, तुमच्याकडे त्याहून चांगला स्रोत आहे, तुमचे सहकारी आणि ते आजी-आजोबा. एकच फाइल करा, नाव द्या श्वेबिश, प्रत्येक नोंदीत तीन ओळी: ऐकलेलं वाक्य, शुद्ध जर्मनमध्ये तेच, आणि कोणत्या प्रसंगात म्हणतात ते. दुसरी ओळ सहकाऱ्याकडून तपासून घ्या. अशी फाइल वर्षभरात तयार झाली तर तुमच्या मागून येणाऱ्या मुलींना तिचा किती उपयोग होईल विचार करा. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये तुमच्याच राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करार केलाय, बरीच मुलं तिकडे पाठवायची योजना आहे आणि क्लासात कुणी त्यांना श्वेबिश शिकवणार नाही.


खटपट्या

दूरदेशी ताई, युबरगाबअचा सराव जरूर करा पण खऱ्या पेशंटची माहिती एआयमध्ये टाकू नका, नाव काढून पण नाही. युरोपात डेटा संरक्षण कायदा, डीएसजीव्हीओ, आरोग्याच्या माहितीला विशेष संरक्षण देतो, आणि वय, आजार, खोली, तारीख एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. पूर्ण काल्पनिक पेशंट तयार करा. उलट ते काम एआयला द्या: 'एक ८० वर्षांच्या काल्पनिक रुग्णाची रात्रपाळीची माहिती मुद्द्यांत दे.' मग त्या मुद्द्यांवरून युबरगाबअ तुम्ही बोला.

बोलणं तपासायला व्हिस्पर आहे, ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं, ते आवाजाचं लिखाण करतं. पण त्याचं एक वैगुण्य लक्षात ठेवा, ते संदर्भावरून अंदाज बांधतं, उच्चार चुकला तरी शहाणपणाने बरोबर शब्द लिहून मोकळं होतं. 'शोन' (आधीच) आणि 'श्योन' (सुंदर) यातला फरक तपासायचा असेल तर वाक्यात नको, सुटे शब्द म्हणून पाहा. वाक्यरचना आणि ओघ तपासायला मात्र उत्तम, आपण बोलताना क्रियापद कुठे गाळतो ते कागदावर आल्याशिवाय दिसत नाही.


दूरदेशी

काल्पनिक पेशंटची कल्पना फार आवडली. पेशंटचं काही टाकायचं नाही हे आम्हाला कामावर पण सांगितलंय. ऑर्गझ्ली आजच घेते. श्वेबिशची फाइल सुरू करते, इथल्या एक सिनियर नर्स आहेत त्या तपासून देतील, त्यांना बोलीचा फार अभिमान आहे.


कांजीवेडा

जर्मनच्या धाग्यात जपानी घेऊन येतोय, विषय तोच आहे म्हणून.

जपानी आणि ईमॅक्सचं नातं जुनं आहे. एसकेके नावाची इनपुट पद्धत १९८७ मध्ये मासाहिको सातो या प्राध्यापकांनी ईमॅक्ससाठीच केली. नेहमीच्या इनपुटमध्ये तुम्ही उच्चार टाइप करत जाता आणि संगणक वाक्य बघून कांजी (चित्रलिपीतलं अक्षर) कुठे आणि कुठली ते ठरवतो. एसकेकेमध्ये कांजी कुठून सुरू होते हे तुम्ही कॅपिटल अक्षराने सांगायचं, आणि क्रियापद असेल तर काना लिपीतलं (उच्चाराप्रमाणे लिहिलेलं) शेपूट कुठून सुरू होतं तेही दुसऱ्या कॅपिटलने सांगायचं. म्हणजे 'ओकुरु' (पाठवणं) लिहिताना ओ कॅपिटल आणि आर कॅपिटल. विद्यार्थ्यासाठी हे सोनं आहे कारण शब्दाची घडण माहीत नसेल तर टाइपच होत नाही. पिंपळपार जे म्हणतायत ना, की यंत्राने किती करायचं ते आपण ठरवावं, ते एसकेकेत एआयच्या कितीतरी आधी होतं.

माझी पद्धत: जेएलपीटी या जपानी परीक्षेच्या एन३ पातळीची तयारी चालू आहे. एनएचकेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या असतात, कांजीवर फुरिगाना, म्हणजे बारीक अक्षरांत उच्चार, दिलेला. ती बातमी फाइलमध्ये आणतो, फुरिगाना काढून टाकणारं एक छोटं फंक्शन आहे, आधी तसं वाचतो, मग फुरिगाना परत आणतो. मग तीच बातमी चार वाक्यांत स्वतः लिहितो, न बघता, आणि तेव्हाच एआय. जपानी वाक्यरचना मराठीसारखीच, कर्ता-कर्म-क्रियापद, प्रत्यय मागून, त्यामुळे वाक्य जुळवणं जड जात नाही. अडतं ते 'वा' आणि 'गा' या दोन प्रत्ययांमध्ये. आणि इथे मास्तरीणबाई म्हणतात तो अनुभव मलाही आहे, मॉडेल 'वा' च्या जागी 'गा' सुचवतं आणि कारण विचारलं की दर वेळी वेगळं कारण. मी आता कारण विचारत नाही. तीच रचना असलेली खरी वाक्यं टाटोएबात शोधतो आणि पाच-सहा एकाखाली एक मांडून बघतो.


रानवारा

कांजीवेडा, फुरिगाना काढून आधी वाचायची युक्ती झकास. जर्मनसाठी मी असंच आर्टिकल झाकून करतो. एका परिच्छेदातले सगळे 'डेर, डी, दास, डेन, डेम' एका सर्च-रिप्लेसने रेघा करून टाकायचे, भरायचे, मग मूळ फाइलशी तुलना. एआय नाही, नेट नाही, रेल्वेत पण चालतं.

एक सूचना, गुटेनबर्ग प्रकल्पावरची जुनी पुस्तकं वापरणार असाल तर त्यांचं स्पेलिंग १९९६ च्या सुधारणेआधीचं असतं, 'दास' हे 'की' अर्थाचं उभयान्वयी अव्यय (आर्टिकल नव्हे) तिथे एस्झेटने लिहिलेलं दिसेल, आज दोन एस लिहितात. ते शब्द तसेच अंकीत टाकले तर परीक्षेत जुनं स्पेलिंग हातातून उतरेल. ग्रिम बंधूंच्या गोष्टी वाचायला छान आहेत, भूतकाळाचा प्रेटेरिटुम अंगवळणी पडतो, पण लिहिण्याचा नमुना म्हणून आजच्या बातम्याच घ्या.


साबुदाणा_खिचडी

ऑब्सिडियन लावलं, चुकांची फाइल केली. पिंपळपार, तुमची पहिल्या बटणाची सूचना जशीच्या तशी देता का? मी लिहिली ती पाळत नाहीये, दोन ओळींनंतर दुरुस्त वाक्य द्यायला लागतो.


पिंपळपार

देतो. मी इंग्रजीत लिहिलीय पण मजकूर असा:

'मी जर्मन शिकतोय, पातळी बी१. खाली माझा मजकूर आहे, ओळींना क्रमांक आहेत. प्रत्येक चुकीसाठी एकच ओळ लिही: ओळ क्रमांक, चुकीचा प्रकार. प्रकार फक्त या यादीतून निवड: आर्टिकल, विभक्ती, क्रियापदाची जागा, क्रियापदाचं रूप, शब्दाची निवड, स्पेलिंग. दुरुस्त शब्द किंवा दुरुस्त वाक्य लिहू नकोस. शैलीबद्दल काही सुचवू नकोस. चूक नसेल तर चूक नाही एवढंच लिही. शेवटी काहीही जोडू नकोस.'

पाळत नसेल तर दोन गोष्टी बघा. एक, ही सूचना सिस्टिम मेसेजमध्ये (मॉडेलला आधी द्यायच्या कायमच्या सूचनेत) जातेय ना, की तुमच्या मजकुरासोबत चिकटवताय? सिस्टिममध्ये असली की जास्त पाळतो. दोन, जुनं संभाषण सोबत जाऊ देऊ नका. आधीच्या उत्तरांत एकदा जरी दुरुस्त वाक्य आलं असेल तर तो तेच वळण पुढे चालू ठेवतो. प्रत्येक वेळी कोरी सुरुवात. जीपीटेलमध्ये मी फक्त निवडलेला भाग पाठवतो त्यामुळे तो प्रश्न येत नाही, ऑब्सिडियनच्या प्लगइनमध्ये नवीन चॅट उघडावं लागेल. ओळींना क्रमांक नक्की द्या, त्याशिवाय चूक दाखवायला तो वाक्य परत लिहितो आणि लिहिता लिहिता दुरुस्त करून टाकतो.


साबुदाणा_खिचडी

जुनं संभाषणच होतं. आता नीट चालतंय, आणि ओळ ३ विभक्ती एवढंच आलं, अर्धा तास डोकं खाजवलं पण सापडली, 'मिट' (सोबत) नंतर दातिफ विभक्ती. आता विसरणार नाही.


मास्तरीणबाई

मग आता इथेच सराव करूया. विषय देते, बी१ च्या पहिल्या कामासारखा: तुम्ही नवीन घरात राहायला गेलात, जर्मनीतल्या मैत्रिणीला मेल लिहा. घर कसं आहे ते सांगा, जुनं घर का सोडलं त्याचं कारण द्या, आणि तिला कधी भेटायला यायचं ते सुचवा. ८० शब्द, २० मिनिटं. आधी पेनाने कागदावर, मग टाइप करून, पहिलं बटण दाबून जे प्रकार येतील ते मजकुराखाली लिहून, पण दुरुस्ती न करता इथे टाका. रविवारपर्यंत येतील तेवढे मी स्वतः तपासते. यंत्राने काय पकडलं आणि मला काय दिसलं हे शेजारी शेजारी ठेवून बघू. दूरदेशी, तुम्ही नक्की लिहा, ड्यूटीतून जमेल तेव्हा, उशीर झाला तरी चालेल.